चार्टर्ड इंजिनियर, पीई, सीइंग: अनुभवी इंजिनियरने पैसे नेमके कुठे घालावेत?

पंधरा-वीस वर्षं साइटवर किंवा प्लांटमध्ये काढलेल्या इंजिनियरला हा प्रश्न बहुधा दोन वेळा पडतो. एकदा परदेशी जायचं घाटतं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा निवृत्ती दोन-तीन वर्षांवर येते तेव्हा. मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी सांगतं, ‘चार्टर्ड इंजिनियर करून टाक, कामाला येतं.’ कुठे कामाला येतं, हे मात्र सांगणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. म्हणून हा आढावा: आपल्याकडचं चार्टर्ड इंजिनियर, प्रोफेशनल इंजिनियर (पीई) आणि ब्रिटनचं चार्टर्ड इंजिनियर (सीइंग) यांचा. फी दरवर्षी बदलते, त्यामुळे तिचे आकडे इथे दिलेले नाहीत. भरलेल्या पैशाच्या बदल्यात हातात काय पडतं, एवढंच पाहायचं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. आर्किटेक्टला १९७२चा कायदा आहे. नोंदणी नसेल तर ‘आर्किटेक्ट’ म्हणून पाटी लावता येत नाही. इंजिनियरला असं सरसकट संरक्षण देणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. म्हणूनच लग्नपत्रिकेत नावाआधी ‘इंजि.’ छापायला कुणाची परवानगी लागत नाही. परिणामी आपल्याकडे नोंदणीची किंमत बिरुदात नसते, सहीत असते. कोणता कागद, कोणत्या नियमाखाली, या नोंदणीवाचून अडतो? याचं उत्तर देता आलं तर पैसे वसूल, नाहीतर ती भिंतीवरची फ्रेम.

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स (इंडिया)

आपल्याकडे ‘चार्टर्ड इंजिनियर’ म्हटलं की सहसा हीच संस्था अभिप्रेत असते. स्थापना १९२०ची, रॉयल चार्टर १९३५चं, मुख्यालय कोलकात्याला. मुंबईत हाजी अलीजवळ राज्य केंद्र आहे, पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर स्थानिक केंद्र आहे. पायऱ्या तीन: असोसिएट मेंबर, मेंबर आणि फेलो. हे झाले कॉर्पोरेट सभासद. ‘चार्टर्ड इंजिनियर (इंडिया)’ ही उपाधी त्यांच्यासाठी असते. फक्त सभासदत्वाच्या क्रमांकावर सही करत सुटू नका. चार्टर्ड इंजिनियरचं प्रमाणपत्र वेगळं घ्या, कारण समोरचं कार्यालय तेच मागतं.

पदवीधर आणि अनुभवी माणसाला इथे लेखी परीक्षा नसते. सगळा खेळ कागदांचा. पदवी, गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले आणि शिफारस करणारे सभासद. अर्ज सर्वांत जास्त अडतो तो अनुभवाच्या दाखल्यावर. एचआरकडून मिळणाऱ्या पत्रात ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीत होते, वर्तणूक चांगली’ एवढंच असतं. हे पत्र इंजिनियरिंगचा अनुभव सिद्ध करत नाही. पत्रात पद, विभाग, प्रत्यक्ष काम (डिझाइन, उभारणी, देखभाल, चाचणी) आणि बढत्यांच्या तारखा हव्यात. एचआरला स्वतःच मसुदा लिहून द्या, ते आनंदाने लेटरहेडवर छापून देतात. जुनी कंपनी बंद पडली असेल तर नेमणूकपत्र, रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक यांची साखळी जोडावी.

एक सावधगिरी. ‘एएमआयई’ या नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एक, पदवीच्या आधारावर मिळणारं असोसिएट सभासदत्व. दुसरी, सेक्शन ए आणि बीच्या परीक्षा देऊन मिळणारी पात्रता. परीक्षेच्या मार्गाला पदवीशी समकक्ष म्हणून मिळणारी सरकारी मान्यता ३१ मे २०१३पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच आहे. डिप्लोमावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी ‘आता एएमआयई करा, डिग्री मिळाल्यासारखंच’ असं सांगत असेल, तर ही तारीख त्याच्यासमोर ठेवा.

आता खरी कमाई कुठे होते ते. आयात-निर्यातीत. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या नियमांत स्वतंत्र चार्टर्ड इंजिनियरचं प्रमाणपत्र ठिकठिकाणी लागतं. ईपीसीजी योजनेत (निर्यातीच्या हमीवर यंत्रं शुल्कसवलतीत आणण्याची योजना) आयात यंत्राचा आणि निर्यात मालाचा संबंध दाखवायला ते लागतं. यंत्र बसवल्याचा दाखला म्हणूनही ते चालतं. ॲडव्हान्स ऑथरायझेशनमध्ये (निर्यात मालासाठी कच्चा माल शुल्काविना आणण्याचा परवाना) कच्च्या मालाच्या खपाचं प्रमाण ठरलेलं नसेल तर तिथेही लागतं. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, बुटीबोरी अशा भागांत हे काम सतत असतं.

यात ‘स्वतंत्र’ हा शब्द कळीचा आहे. ज्या कंपनीत पगार घेता तिच्या अर्जावर तुमची सही चालत नाही. म्हणजे नोकरीत असताना मालकाच्या उपयोगाला ही उपाधी येत नाही, आणि बाहेरचं काम घ्यायचं तर मालकाची लेखी परवानगी लागते. बरेच जण हे सभासदत्व घेतल्यानंतर वाचतात.

दाखला देताना चुका कुठे होतात? यंत्र बसवल्याच्या प्रमाणपत्राचं उदाहरण घ्या. यंत्राच्या पाटीवरचा सिरियल नंबर बिल ऑफ एंट्रीशी (आयातीच्या कस्टम्स कागदाशी) आणि इन्व्हॉइसशी अक्षरशः जुळला पाहिजे. एक शून्य किंवा एक ‘ओ’ इकडचा तिकडे झाला की फाईल परत येते. दुसरी नेहमीची गफलत पत्त्याची. परवान्यावर पत्ता जुन्या शेडचा, आणि यंत्र बसलेलं नव्या प्लॉटवर. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला पत्ताच लिहायचा. परवान्यात दुरुस्ती करून घेणं हे कंपनीचं काम. ‘साहेब, जुनाच पत्ता टाका, एकच तर मालक आहे’ असा आग्रह झाला तर फी परत करून घरी या.

जुन्या वापरलेल्या यंत्राची तपासणी याहून नाजूक असते. समजा, न्हावा शेवाला एक सेकंडहँड सीएनसी लेथ उतरला आहे आणि त्याला नवा रंग मारलाय. मुख्य पाटी नाही. अशा वेळी कंट्रोलरच्या मागची पट्टी, स्पिंडल मोटरची पाटी, सर्वो ड्राइव्हवरचे उत्पादन क्रमांक आणि हायड्रॉलिक पॉवर पॅकवरची तारीख यांवरून वर्षाचा अंदाज बांधावा लागतो. प्रत्येकाचा फोटो लागतो. यांतलं एखादं अंग बाकीच्यांपेक्षा दहा वर्षांनी नवं निघालं तर यंत्राची दुरुस्ती झाली आहे हे अहवालात लिहावं लागतं, कारण त्यावर किंमत आणि शुल्क ठरतं. उरलेलं आयुष्य ‘१० वर्षं’ असं ठोकून देऊ नये. बेडवेची (सरकपट्ट्यांची) झीज, बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई), स्पिंडलचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) यांपैकी काय मोजलं आणि काय मोजता आलं नाही, ते लिहावं. यंत्र पेटीत बंद असताना रनआउट मोजता येत नाही, मग अहवालात ‘समाधानकारक’ कुठून आलं, असा प्रश्न अधिकारी विचारणारच.

आणि इथेही अट आहे. परदेशी बंदरावरच्या तपासणीसाठी महासंचालनालयाने अधिकृत केलेल्या संस्थांची यादी असते, परिशिष्ट २जी. इकडच्या तपासणीसाठी कस्टम हाऊस स्वतःचं पॅनेल नेमतं. नुसती उपाधी घेऊन बंदरावर गेलं तर दारात कुणी उभं करत नाही. पॅनेलची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करायचा, तोवर थांबायचं.

इंटरनेटवर ‘२४ तासांत चार्टर्ड इंजिनियर सर्टिफिकेट, भेटीची गरज नाही’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. या धंद्याची अब्रू यांनीच घालवली आहे. अशा कागदाच्या जोरावर घेतलेली शुल्कसवलत पुढे वसुलीला आली की चौकशी सही करणाऱ्यापर्यंत येते. तेव्हा भेटीची तारीख, गेटपासची प्रत आणि जागेचे फोटो जवळ नसतील तर बचावाला काहीच नसतं. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंदवही ठेवा: अनुक्रमांक, तारीख, पक्षकार, फी, फोटोंचा फोल्डर. प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा घ्या. हा खर्च धरूनच फी सांगा.

जिथे ही उपाधी पुरत नाही

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, आणि सभासदत्व घेताना कुणी ते दूर करत नाही.

सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं उदाहरण घ्या. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायचं असतं. काम भरपूर आहे. पण मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३बखाली ३० वर्षांवरच्या इमारतीच्या स्थैर्याचं प्रमाणपत्र पालिकेकडे नोंदणी झालेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरनेच द्यावं लागतं. त्या नोंदणीसाठी डिझाइनचा अनुभव विचारतात. तीस वर्षं रस्त्यांची कामं केलेल्या फेलोला तिथे ‘एफआयई’चा आधार मिळत नाही.

मूल्यांकनाचंही तेच. कंपनी कायद्याच्या कलम २४७खाली मूल्यांकन करायला आयबीबीआयकडे (दिवाळखोरी मंडळाकडे) नोंदणीकृत व्हॅल्युअर व्हावं लागतं. यंत्रसामग्री हा वेगळा वर्ग, जमीन-इमारत हा वेगळा वर्ग. आधी व्हॅल्युअर संघटनेचा ५० तासांचा अभ्यासक्रम, मग संगणकावर परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून पन्नाशीतले लोक धसका घेतात. खरं तर इंजिनियरला तांत्रिक भाग सोपा जातो. अडतं ते कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या प्रश्नांवर. निवृत्तीनंतर नियमित काम हवं असलेल्या मेकॅनिकलवाल्याला पहिला रुपया कुठे घालायचा, याचं आमचं उत्तर चार्टर्ड इंजिनियर हे नाही, हे व्हॅल्युअरचं आहे.

ऊर्जा लेखापरीक्षणाला बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची) राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. एनर्जी मॅनेजर व्हायला तीन पेपर, ऑडिटर व्हायला चार. कारखान्यातल्या क्रेन, लिफ्ट, प्रेशर व्हेसल यांच्या चाचणीसाठी ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता लागते. विजेच्या उभारणीसाठी ‘चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनियर’ असा एक प्रकार आहे. नाव ऐकून घोटाळा होतो, पण तो अधिकार सरकार देतं, इन्स्टिट्यूशन नव्हे. महारेराच्या नियमांखालच्या प्रकल्पखात्यातून बिल्डरने पैसे काढताना इंजिनियरचा दाखला लागतो, पण कायद्यात ‘प्रॅक्टिस करणारा इंजिनियर’ एवढंच म्हटलंय.

सरकारी नोकरीतल्यांना सेवेत असताना याचा फायदा जवळजवळ शून्य. बढती सेवाज्येष्ठता आणि खातेपरीक्षेवर ठरते. निविदेतल्या ‘की पर्सोनेल’च्या तक्त्यातही सहसा पदवी आणि अनुभवाची वर्षं मोजतात.

पीई आणि इंटपीई

इन्स्टिट्यूशनकडेच ‘प्रोफेशनल इंजिनियर’ आणि त्यावर आंतरराष्ट्रीय नोंदवही (इंटपीई) असा पुढचा टप्पा आहे. भारत २००९पासून आंतरराष्ट्रीय व्यावसायिक इंजिनियर कराराचा सदस्य आहे. कराराची मूळ अट पदवीनंतर किमान सात वर्षांचा अनुभव, त्यात महत्त्वाच्या कामाची जबाबदारी स्वतःकडे असलेली किमान दोन वर्षं. ऐकायला भारी वाटतं. पण यामुळे कुठल्याही देशात आपोआप सहीचा अधिकार मिळत नाही. तिथल्या संस्थेपुढे अर्ज ठेवताना थोडी वाट सोपी होते, इतकंच. सल्लागार कंपनीच्या परदेशी प्रस्तावात बायोडेटा जोडायचा असेल तर ठीक, नाहीतर थांबा.

ब्रिटनचं सीइंग

आखातातल्या आणि ब्रिटिश वळणाच्या सल्लागार कंपन्यांत हेच नाणं चालतं. नोंदवही इंजिनियरिंग कौन्सिलची, पण अर्ज घेतात त्यांच्या परवान्याखालच्या संस्था: सिव्हिलला आयसीई, मेकॅनिकलला आयमेकई, इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सला आयईटी, सॉफ्टवेअरवाल्यांना बीसीएस. स्ट्रक्चरल इंजिनियरांच्या आयस्ट्रक्टईला मात्र संरचना-रचनेची दिवसभराची लेखी परीक्षा आहे आणि ती अवघड म्हणूनच ओळखली जाते. गंमत म्हणजे ब्रिटनमध्येही ‘इंजिनियर’ हा शब्द कुणीही वापरू शकतो, आणि सीइंग हा काम करण्याचा परवाना नाही. संरक्षण आहे ते उपाधीला. म्हणूनच भारतातल्या चार्टर्ड इंजिनियरने लिंक्डइनवर नुसतं ‘सीइंग’ लिहू नये, पुढे ‘इंडिया’ लावावं. तिकडचा भरतीवाला नोंदवहीत नाव शोधतो, सापडलं नाही की अर्ज बाजूला.

तरीही आमच्या मते या सगळ्यांत कस पाहणारी प्रक्रिया हीच. यूके-स्पेकच्या (कौन्सिलच्या क्षमता-निकषांच्या) चौथ्या आवृत्तीत ए ते ई असे पाच गट आणि त्यांत मिळून १७ क्षमता आहेत: ज्ञान, डिझाइन व प्रश्न सोडवणं, जबाबदारी व नेतृत्व, संवाद, व्यावसायिक बांधिलकी. प्रत्येकीला स्वतःच्या कामातला पुरावा द्यायचा. मग नोंदणीकृत इंजिनियरांसमोर मुलाखत.

आपली मंडळी इथे दोन ठिकाणी आपटतात. पहिलं, भाषा. आयुष्यभर नोटशीट आणि प्रोग्रेस रिपोर्ट लिहिलेले असतात, त्यामुळे अर्जातही ‘पाया बदलण्यात आला’, ‘टीमने काम वेळेत पूर्ण केलं’. परीक्षकाला तुमचा प्रकल्प किती कोटींचा होता याच्याशी देणंघेणं नाही. ‘भूगर्भ अहवालात सात मीटरवर मऊ थर दिसला, म्हणून मी राफ्टऐवजी पाइल सुचवले, खर्च वाढत होता, म्हणून मी व्यास कमी करून दोन पर्यायांची तुलना केली आणि क्लायंटला हे सांगितलं’ असं हवं. कर्ता ‘मी’ आणि क्रियापद निर्णयाचं.

दुसरं, शेवटचा गट. सुरक्षा, पर्यावरण, सततचं शिक्षण, नीतिमत्ता. इथे लोक ‘मी नेहमी प्रामाणिकपणे काम करतो’ असं लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा प्रसंग द्या. काँक्रीटचे २८ दिवसांचे नमुना-ठोकळे (क्यूब) ताकदीच्या चाचणीत नापास झाले, स्लॅब पुढे ढकलला तर दंड, कंत्राटदार म्हणतो क्यूब बदलू. तुम्ही प्रत्यक्ष बांधकामातून कापून घेतलेले नमुने (कोअर) काढायला लावले. काँक्रीटच्या भारतीय मानकाची, आयएस ४५६ची, कसोटी अशी की कोअरच्या समतुल्य क्यूब ताकदीची सरासरी त्या ग्रेडच्या ८५ टक्क्यांहून कमी नसावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा. एम३० ग्रेडच्या काँक्रीटला (ताकद ३० मेगापास्कल) म्हणजे सरासरी किमान २५.५ आणि कुठलाही एक किमान २२.५. कोअर कुठून घ्यायचे हे तुम्ही कसं ठरवलं, वरिष्ठाला लेखी काय कळवलं, निकाल काय आला. एवढा एक परिच्छेद अख्खा गट सावरतो.

खर्चाचा विचार करताना एकदाची फी बघू नका. संस्थेची वर्गणी आणि कौन्सिलची नोंदणी फी दरवर्षी भरावी लागते, तीही पाउंडात. भरणं थांबलं की उपाधी गेली. सततच्या शिक्षणाची नोंदही ठेवावी लागते. पुण्यात बसून भारतीय कंपनीत काम करायचं आणि बदलायचा विचार नाही, तर दहा वर्षं हे पैसे भरण्यात अर्थ नाही. कतार, दुबई, ब्रिटन किंवा इथल्याच ब्रिटिश सल्लागार कंपनीचं डिझाइन सेंटर डोळ्यासमोर असेल तर चाळिशीच्या आत करा. शिफारशीसाठी तुमचं काम जवळून पाहिलेला नोंदणीकृत माणूस लागतो. तो मिळणं हीच आपल्याकडे मोठी अडचण.

वॉशिंग्टन करार: जुन्या पदवीला उपयोग नाही

‘भारत वॉशिंग्टन करारात आहे, आपली डिग्री सगळीकडे चालते’ हे अर्धसत्य आहे. या करारात सदस्य एकमेकांनी मान्यता दिलेले इंजिनियरिंगचे अभ्यासक्रम मान्य करतात. अभ्यासक्रमांना मान्यता देणारं आपलं राष्ट्रीय मंडळ, एनबीए, पूर्ण सदस्य झालं जून २०१४मध्ये. कराराची मान्यता मिळते ती एनबीएने टियर-१ म्हणून मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमाला, आणि तीही मान्यतेच्या काळातल्या बॅचला. टियर-१मध्ये स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे विभाग येतात. विद्यापीठाला संलग्न असलेली नेहमीची कॉलेजं टियर-२. म्हणजे १९९८ किंवा २००५ला पदवी घेतलेल्या, अर्थात खऱ्या अनुभवी माणसाला या कराराचा काडीचा फायदा नाही. कॉलेज कितीही नामांकित असलं तरी त्याचा अर्ज वैयक्तिक मूल्यमापनातूनच जातो.

याचा फटका कुवेतमध्ये २०१८ला बसला. इंजिनियरच्या इकाम्यासाठी (तिथे राहण्याच्या परवान्यासाठी) कुवेत सोसायटी ऑफ इंजिनियर्सचं ना-हरकत पत्र लागू लागलं आणि भारतीय पदवीला एनबीएची मान्यता आहे का हे पाहिलं जाऊ लागलं. एनबीएकडे कधी अर्जच न केलेल्या नामवंत संस्थांचे पदवीधरही अडकले. वर्षानुवर्षं तिथे काम केलेल्यांना पद बदलून इकामा करून घ्यावा लागला. आखाताचा विचार असेल तर कंपनीचं ऑफर लेटर येण्याआधी त्या देशाच्या इंजिनियर संघटनेची अट वाचा. सौदीत सौदी कौन्सिल ऑफ इंजिनियर्सची नोंदणी, कतारमध्ये परीक्षा, असे प्रत्येकाचे वेगळे नखरे आहेत.

ऑस्ट्रेलियाला करारातली पदवी नसेल तर इंजिनियर्स ऑस्ट्रेलियाला क्षमता-अहवाल द्यावा लागतो. तीन करिअर एपिसोड, प्रत्येकी १००० ते २५०० शब्द, परिच्छेदांना क्रमांक, आणि शेवटी कोणता परिच्छेद कोणती क्षमता दाखवतो याचा तक्ता. अहवाल लिहून देणारे एजंट उदंड झाले आहेत. त्यांचा मजकूर दुसऱ्या कुणाच्या अहवालाशी जुळला की अर्ज फेटाळला जातो आणि पुढचा अर्जही काही काळ करता येत नाही. हा स्किल ॲसेसमेंट व्हिसापुरता असतो. क्वीन्सलँडमध्ये इंजिनियरिंग सेवा द्यायची तर २००२च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते.

कॅनडात पी.इंज. (प्रोफेशनल इंजिनियर) हा खरा परवाना आहे. ऑन्टारियोने मे २०२३मध्ये कॅनडातल्याच अनुभवाची अट काढून टाकली, त्यामुळे भारतातला ४८ महिन्यांचा नीट लिहिलेला अनुभव आता तिथे मोजला जातो. अमेरिकेत पीई राज्यागणिक आणि परीक्षा देऊनच. तिथे आपलं चार्टर्ड इंजिनियर कुणी विचारत नाही.

कुठलाही मार्ग धरा, पहिले तीन महिने कागद जमवण्यात जातात, आणि त्यात आपल्या लोकांचा हमखास घोळ नावाचा असतो. मुंबई-पुण्याच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचंही नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, आईचं नाव गायब. बायकांचं लग्नानंतरचं आडनाव तिसरंच. परदेशी संस्थेला ही दोन-तीन वेगळी माणसं वाटतात. अर्जाच्या आधीच सगळी रूपं एकत्र लिहून प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली नोंद काढा. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवताना दोन संच जास्तीचे मागा, दुसऱ्या संस्थेसाठी पुन्हा रांगेत उभं राहायची वेळ येतेच.